घरखर्च विचारा : आजारपणात महिना कसा काढायचा?

प्रश्न : काकू, नमस्कार. माझे मिस्टर पॉवरलूमवर कामाला होते. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं तुटक आहे, पण समजतं सगळं. दवाखान्याचं बिल रेशन कार्डावर निघालं, मात्र घरी आणल्यापासून खर्चाला थारा नाही. डायपरच दिवसाला चार लागतात, एकेक 35-40 रुपयांना. शेजारणीनं सांगितलं म्हणून प्रोटीन पावडरचा डबाही आणला. मी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते, त्यात सात-आठ हजार सुटतात. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 येतात. मुलगी नववीत आहे. दुकानाची उधारी वाढतच चालली आहे. गल्लीतल्या बायका म्हणतात, गटाचं कर्ज काढ. सामान स्वस्त कुठून आणू?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. शहापुरात आमचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यावर बरीच वर्षं मीच बसायची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं माझ्याच हातचं होतं. तेव्हा या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आधी डायपर. चारांचा हिशेब महिन्याला साडेचार हजारांच्या घरात जातो, म्हणजे तुझी निम्मीअधिक कमाई. आता मला एक सांग, त्यांना लघवीची जाणीव होते का? तू लिहितेस, समजतं सगळं. लकव्याच्या पुष्कळ माणसांना जाणीव असते, फक्त उठून मोरीपर्यंत जाता येत नाही आणि बोलून वेळेवर सांगता येत नाही. घरचे घाईघाईनं डायपर चढवतात आणि मग माणूसही सांगायचं सोडून देतो. मेडिकलमध्ये पुरुषांसाठी प्लॅस्टिकचं युरिन पॉट मिळतं. त्याची किंमत चार-पाच डायपरांच्या पलीकडे जाणार नाही. उशाशी ठेव आणि दर दोन-तीन तासांनी, त्यांनी मागितलं नाही तरी, दे. डाव्या हाताला एक घंटी किंवा स्टीलची वाटी-चमचा देऊन ठेव. आठवडाभरात कळेल की दिवसाचे तीन डायपर लागतच नव्हते. रात्री एक लाव, तुलाही झोप हवी. साडेचार हजारांचे हजार-बाराशे होतील.

लघवी कळतच नसेल, सारखी थेंबथेंब होत असेल किंवा जळजळ असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव. नळी घालायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नव्हे.

परसाकडला बसवायचं तर कमोड खुर्ची नवी घेऊ नकोस. गल्लीतल्या सुताराकडून जुन्या लाकडी खुर्चीची बैठक गोल कापून घे, कडा घासून गुळगुळीत कर आणि खाली बादली ठेव. खुर्चीला हात हवेत आणि ती डगमगता कामा नये, एवढं बघ. व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी या वस्तू अनामत ठेवून वापरायला देणाऱ्या संस्था, मंडळं आणि देवस्थानं बेळगावात आहेत. काम झालं की वस्तू परत, अनामत परत. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनाच विचार, त्यांना पत्ते पाठ असतात. ज्यांच्या घरी असंच आजारपण होऊन गेलं त्यांच्या माळ्यावरही वॉकर धूळ खात पडलेला असतो. हवेच्या गादीची मोटर वीज फारशी खात नाही, तरी गृहज्योतीचं, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, गणित ध्यानात ठेव. प्रत्येक मीटरची फुकट युनिटं आधीच्या सरासरीवर थोडी वाढ धरून ठरलेली आहेत. त्याच्या वरची युनिटं आपल्या पदरची, आणि 200 ओलांडली की सगळंच बिल भरावं लागतं.

अंथरुणावर घालायला जुनं सुती लुगडं आणि धोतर यांसारखं दुसरं काही नाही. नायलॉन-पॉलिस्टर नको, ते ओल शोषत नाही. नात्यागोत्यात सांगून ठेव, जुनी लुगडी कुणी टाकून देत नाही आणि मागितली की नाहीही म्हणत नाही. चारपदरी घड्या शिवून घे, मशीन तुझ्याकडे आहेच. खाली रबर शीट, त्यावर ही घडी. धुताना आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्यात घातलं की डाग धरतो. मग धुण्याचा सोडा घालून कढत पाण्यात धू आणि कडक उन्हात टाक. वासाचं कंडिशनर वापरू नकोस, कपड्याचं शोषणं कमी होतं. जूनपासून आपल्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा घड्या आत्ताच दुप्पट शिवून ठेव. पावसात एखादा डायपर जास्त लागला तर लागू दे.

आणि दर दोन तासांनी कूस बदल. माकडहाड आणि टाचा रोज बघ. तांबडा डाग बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर थांबू नकोस, दवाखान्यात ने. अंथरुणाच्या जखमेवर होणारा खर्च डायपरच्या कितीतरी पट असतो.

प्रोटीनचा डबा संपला की संपला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला नाही ना? मग अंडं, शेंगदाण्याचं कूट, डाळ, दही, नाचणीचं आंबील दे. मधुमेह किंवा किडनीचं काही असेल तर आहार विचारून घे. एक गोष्ट मात्र बघच. पाणी किंवा चहा पिताना त्यांना ठसका लागतो का? लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांग. लकव्यानंतर गिळणं बिघडतं आणि अन्न श्वासनळीत जातं.

गोळ्यांत काटकसर नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड देऊन पैसे वाचवणाऱ्या बायका मी दुकानात पाहिल्या आहेत, पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. वाचवायचं असेल तर दुकान बदल. सरकारी दवाखान्यात रक्तदाब-साखरेच्या गोळ्या फुकट मिळतात. तिथे नसतील त्या जनऔषधी केंद्रात बघ, तीच औषधं निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे. व्यायाम शिकायला सिव्हिलला ने. शक्ती योजनेत तुझं सरकारी बसचं तिकीट माफ आहे, त्यांचं मात्र काढावं लागेल.

आता किराणा. दुकानदाराची बायको सांगते आहे म्हणून विश्वास ठेव, उधारीचं गिऱ्हाईक भाव विचारत नाही. वहीवर लिहिणारा मग जे पाकीट हाताला येईल ते देतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सरळ सांग, मागची बाकी दर आठवड्याला थोडी थोडी देते, नवीन लिहू नका. बहुतेक जण ऐकतात, बुडण्यापेक्षा सावकाश आलेलं बरं. डाळ, साखर, साबण, तेल हे महिन्याचं सामान मग रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडून रोख आण. दोघी-तिघी शेजारणींनी मिळून पाच किलो डाळ घेतली तर भाव आणखी उतरतो. भाजीला संध्याकाळी जा, वाटे लावून देतात. हंगामात रताळी आपल्याकडे मुबलक आणि स्वस्त. मुलीच्या डब्याला उकडलेलं रताळं चांगलंच.

रेशनचा तांदूळ चवीला लागत नाही म्हणून गल्लीत फिरणाऱ्याला विकू नकोस. तो गुन्हा आहे, कार्ड जाऊ शकतं आणि तुझं दवाखान्याचं बिल त्याच कार्डावर निघालं. भात नको तर पीठ दळून भाकरी कर, उडीद घालून आंबोळी कर. मिस्टरांचं ई-केवायसी राहिलं असेल तर न्यायबेले अंगडीत, म्हणजे रेशन दुकानात, जाऊन पूर्ण करून घे. उजवा अंगठा उठत नसेल तर डावा चालतो का, ते तिथे विचार.

आमची सीमाभागातली माणसं मला हमखास विचारतात, महाराष्ट्राची योजना मिळेल का? महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली खरी, पण ती दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे. तुझी अडचण डाळ, साबण, गोळ्यांची आहे, त्यासाठी कोल्हापूरच्या वाऱ्या करू नकोस. तुला खरा उपयोग दिव्यांग प्रमाणपत्राचा. त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, होतं आणि अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर पेन्शनसाठी नाडकचेरीत, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीत, अर्ज करता येतो. लकव्यात सुधारणा होत असते म्हणून डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात. तोवर डिस्चार्जचे कागद एका फायलीत लाव. अर्ज कन्नडमधून असतो, पण मुलगी शाळेत कन्नड शिकतेच, तिलाच भरू दे.

गटाचं, म्हणजे मायक्रोफायनान्सचं, कर्ज धान्यासाठी काढू नकोस. आठवड्याचा हप्ता आजारपण बघत नाही. आधी काढलेलं असेल आणि वसुलीला येणारे दारात तमाशा करत असतील, तर कर्नाटकात 2025 मध्ये अशा जबरदस्तीविरुद्ध कायदा आला आहे, पोलिसांत तक्रार करता येते.

प्रश्न : मी स्वस्तातली तेलाची पिशवी आणते, तरी ती महिना पुरत नाही. भेसळ असेल का?
— एक विडी कामगार, निपाणी

उत्तर : भेसळीआधी वजन बघा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. हल्ली पिशव्या 850, 800, 750 ग्रॅमच्याही येतात आणि दिसतात सगळ्या सारख्याच. समजा 910 ग्रॅमची पिशवी 140 रुपयांना आणि 850 ची 135 ला. पाच रुपये वाचले वाटतं, पण दुसरीच महाग पडली. पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, चष्मा घेऊन जा. शाम्पूचं मात्र उलट आहे. एक-दोन रुपयांची पुडी मोठ्या बाटलीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. आमच्या दुकानात बाटल्या धूळ खायच्या आणि पुड्यांच्या माळा दोन दिवसांत संपायच्या, बायकांना हिशेब बरोबर कळत होता.