'फायर एस्केप'ला मराठीत काय म्हणायचं? ('अग्निशमन जिना' नको, आणि का नको)

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या मागच्या जिन्याला पाटी लावायची आहे, वर इंग्रजीत 'फायर एस्केप' लिहिलंय, खाली मराठीत 'अग्निशमन जिना' चालेल का? आणि जोडीला आणखी एक शंका, एस्केप म्हणजे निसटणं, ही तर क्रिया झाली, मग जिन्यालाच एस्केप कसं काय म्हणतात?

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो कारण पहिलीचं उत्तर तिच्याच पोटात आहे.

फायर एस्केप म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्कच्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवरचे लोखंडी जिने आठवतात. पण हा शब्द आधी जिन्याचा नव्हताच. आगीतून माणूस खाली आणायची कुठलीही युक्ती म्हणजे फायर एस्केप, मग ती कप्पीवरून सोडलेली टोपली असो, गाठी मारलेला दोर असो की खिडकीला अडकवायची कापडी नळी असो. आणि एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये तर नुसतं 'एस्केप' म्हटलं की एकच वस्तू, मोठ्या चाकांच्या गाड्यावर बसवलेली उंच शिडी. म्हणजे 'एस्केप आणा रे' अशी हाक मारली की लोक शिडीचा गाडा ढकलत आणायचे. क्रियेचं नाव वस्तूला चिकटलं, आपल्याकडे 'झाकण', 'दळण', 'ओढणी' झालं तसंच, त्यात विचित्र काही नाही.

ही चाकांची शिडी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो एब्रहॅम विवेल हा काही इंजिनियर नव्हता. जन्म १७८६चा, लहानपणी केशकर्तन आणि टोप बनवण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेला आणि नंतर स्वतःच्या स्वतः शिकून व्यक्तिचित्रं काढणारा चित्रकार. १८३६ मध्ये लंडनमध्ये आगीतून जीव वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, तिचं पुढचं पूर्ण नाव रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ लाइफ फ्रॉम फायर, तिचा विवेल सुपरिंटेंडंट झाला. त्याची शिडी नीट डोळ्यासमोर आणा. गाड्यावर तिरकी उभी मुख्य शिडी, तिच्या टोकाला बिजागरीने जोडलेली दुसरी शिडी जी दोराने वर उलगडायची म्हणजे वरच्या मजल्याची खिडकी गाठता यायची, आणि मुख्य शिडीच्या पोटाशी वरपासून खालपर्यंत कॅनव्हासची लांब पन्हळ. पन्हळच म्हणतो मी, कौलावरचं पाणी उतरवायला लावतो तशी, फक्त इथे पाण्याच्या जागी माणूस. घाबरलेली बाई, मूल, म्हातारा माणूस, ज्यांना शिडीवरून उतरणं जमणार नाही त्यांना त्या पन्हळीत सोडायचं, ते घसरत खाली. हात-कोपर टेकवून वेग कमी करता यायचा. एवढा साधा विचार, पण शिडी चढता-उतरता न येणाऱ्या माणसाचा विचार आधी केला म्हणून मला ही वस्तू फार आवडते.

संस्थेने अशा शिड्या शहरात ठिकठिकाणी उभ्या केल्या आणि प्रत्येक शिडीजवळ रात्रभर एक माणूस ठेवला. त्याला म्हणायचे कंडक्टर, एस्केप कंडक्टर. आपल्याला हा शब्द एसटीमुळे तिकीटवाल्याचाच वाटतो पण मूळ अर्थ बरोबर घेऊन जाणारा, वाट काढून देणारा, आणि त्या अर्थाने तो इथे जास्त शोभतो. रस्त्याकडेला पहारेकऱ्याची असते तशी लाकडी चौकी, शेजारी शिडी, आणि 'आग' म्हणून ओरडा झाला की हा गाडा ढकलत पळणार, वाटेत जे भेटतील त्यांना हाताशी घेणार.

आता मुद्द्याचं. त्याच लंडनमध्ये त्याच काळात आग विझवणारं दल वेगळं होतं. १८३३ मध्ये विमा कंपन्यांनी एकत्र येऊन लंडन फायर एंजिन एस्टॅब्लिशमेंट काढली, जेम्स ब्रेडवुड तिचा प्रमुख, तोच ब्रेडवुड जो १८६१च्या टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून गेला. माणसं शूर होती यात वादच नाही, पण दलाचा पैसा विमा कंपन्यांचा आणि विमा होता इमारतींचा, मालाचा. म्हणून त्यांच्याकडे एंजिन म्हणजे पाण्याचे पंप. आणि माणसं उतरवायच्या शिड्या होत्या त्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडे. एंजिन आगीसाठी, एस्केप माणसासाठी. दोन वस्तू, दोन शब्द, दोन संस्था. १८६६ मध्ये मेट्रोपोलिटन फायर ब्रिगेड सुरू झाली आणि पुढच्या वर्षी, १८६७ला, संस्थेच्या शिड्या तिच्याकडे गेल्या, तेव्हा कुठे दोन्ही कामं एका छपराखाली आली.

पण शब्द दोन राहिले. शिडी घेऊन जाणाऱ्या गाडीला इंग्लंडमध्ये पुढे विसाव्या शतकातही 'पंप एस्केप' म्हणत, नावातच दोन्ही कामं शेजारी शेजारी.

आणि ही शिडी काय मागायची हे कळायला एकच प्रसंग सांगतो. ७ ऑक्टोबर १८७१, लंडनचा ग्रेज इन रोड. जोसेफ अँड्र्यू फोर्ड नावाच्या फायरमनने जळत्या घरातून एस्केपवरून सहा जणांना खाली आणलं. शेवटी स्वतः उतरताना तो शिडीखालच्या पन्हळीच्या तारेच्या जाळीत अडकला आणि भाजून गेला. ज्या जाळीतून दुसऱ्यांना सोडवायचं तिच्यातच अडकून. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये दुसऱ्यांना वाचवताना गेलेल्या साध्या माणसांच्या नावाच्या फरशा आहेत, त्यात त्याचीही आहे, वय तीस म्हणून लिहिलंय.

मग हा शब्द जिन्यावर कसा गेला? तो गेला अमेरिकेत. २ फेब्रुवारी १८६० ला न्यूयॉर्कच्या एल्म स्ट्रीटवर भाडेकरूंच्या एका चाळवजा इमारतीला आग लागली, अग्निदलाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचल्या नाहीत, वीसेक माणसं गेली, बहुतेक बायका-मुलं. त्याच वर्षी कायदा झाला की आठपेक्षा जास्त कुटुंबं राहतात त्या नव्या इमारतींना न जळणारा जिना किंवा मजल्यामजल्याला जोडलेल्या न जळणाऱ्या बाल्कन्या हव्यात. इथे अर्थ सरकला बघा. लंडनची एस्केप बाहेरून येणारी होती, तिची वाट बघायची. न्यूयॉर्कची एस्केप आधीपासून भिंतीला असणार, आणि ती बसवणं घरमालकावर बंधनकारक. शब्द तोच, जबाबदारी मात्र रस्त्यावरून घरमालकाच्या दारात आली.

मधली काही दशकं शब्द अजून पातळ होता, कशालाही चालायचा. १८७९ मध्ये टेनेसीच्या बेंजामिन ओपेनहायमरने पेटंट घेतलं त्याचं नावच 'फायर एस्केपमधली सुधारणा', आणि वस्तू काय तर चारपाच फूट व्यासाचं पॅराशूट जे डोक्याला, मानेला किंवा दंडाला बांधायचं, शिवाय जाड लवचिक तळव्यांचे बूट. ते चाललं नसतं हे आज आपल्याला कळतं, पण शिडी पोचत नाही अशी खिडकी लोकांनी किती वेळा पाहिली असेल म्हणजे हे सुचलं असेल, असं वाटून जातं. १८८७ला अॅना कॉनेली यांचं पेटंट आहे, त्यात एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जायला कठड्याचा लोखंडी पूल. नेटवर त्यांना सरसकट लोखंडी जिन्याच्या जनक म्हणतात ते बरोबर नाही, तो पूल होता, आणि पूल म्हणूनच तो हुशारीचा आहे. त्याच वर्षी ओहायोच्या थॉमस ब्राउडरने उडी मारणाऱ्याला झेलायच्या जाळीचं पेटंट घेतलं, गोल कडं आणि मध्ये ताणलेली जाळी, भोवती माणसांनी धरायची. हिला मराठीत 'झेलजाळी' म्हणावं असं मी सुचवतो, आपल्या 'झेलणे'सारखं नेमकं क्रियापद असताना 'सुरक्षा जाळी' कशाला.

२५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात हे सगळं एकाच वेळी अपुरं पडलं. आग आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर, शिड्या सहाव्यापर्यंतच, एक दार कुलूपबंद, झेलजाळ्या उड्यांच्या भाराने फाटल्या आणि बाहेरचा लोखंडी एस्केप माणसांच्या वजनाने भिंतीपासून सुटून कोसळला. १४६ जीव गेले. तिथे फायर एस्केप होता, त्या नावाची वस्तू भिंतीवर होती. म्हणून पाटीवरच्या शब्दाकडे मी इतकं लक्ष देतो.

आता मराठी. आपल्याकडे आगीशी जोडलेलं जवळपास सगळं 'शमन' या एका शब्दाखाली गेलंय. शमन म्हणजे शांत करणं, विझवणं. अग्निशमन दल, बरोबर. अग्निशमन यंत्र, तेही बरोबर. त्याआधीचा आपला बोलीतला शब्द बंब, तो पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप यावरून आलेला, म्हणजे तोही पाण्याचाच. पण जिना आग विझवत नाही हो. जिन्यावरून माणूस बाहेर पडतो. 'अग्निशमन जिना' म्हणजे लंडनवाल्यांनी एंजिन आणि एस्केप अशी जी दोन नावं वेगळी ठेवली ती आपण परत एकात कालवणं. आपल्या राज्याच्या कायद्यात मात्र हे भान आहे, नाव बघा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. आग एकीकडे, जीव एकीकडे, दोन्हीला आपापला शब्द.

हा शब्दाचा कीस वाटेल कुणाला, म्हणून आमच्याच बिल्डिंगमधलं सांगतो. मागच्या जिन्याच्या दारावर 'अग्निशमन जिना' असा स्टिकर होता. एकदा लिफ्ट बंद होती आणि पुढच्या जिन्यात रंगकाम चाललेलं, म्हणून मी शेजारच्या मावशींना म्हटलं मागून जाऊ या, तर त्या थांबल्या. म्हणाल्या, "अरे तो बंबवाल्यांचा जिना आहे ना, आपण कसं जायचं?" नऊ वर्षं त्या मजल्यावर राहतायत. रोज ती पाटी वाचलेली, आणि नीट वाचलेली, शब्दाचा जो अर्थ होतो तोच त्यांनी घेतला.

मग पर्याय काय? 'पळवाट' अर्थाने अगदी जवळचा पण आता तो कायद्यातली पळवाट, कामातली पळवाट असा बदनाम झालाय, पाटीवर नको. 'चोरदिंडी' माझ्या मनातला, गडावरून संकटात गुपचूप निसटायची लहान वाट, रायगडावर आहे, पण ती लपवायची असते आणि ही दाखवायची, त्यामुळे उलटा परिणाम. 'आपत्कालीन निर्गमन सोपान' असं कुणी सुचवलं तर कृपा करून नको, धुरात डोळे चुरचुरत असताना कोण वाचणार. 'अग्निसुटका' लहान आहे पण आगीचीच सुटका झाल्यासारखं वाटतं.

सगळ्यात चांगली मराठी एसटीवाल्यांनी लिहून ठेवलीय, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. लहानपणी खिडकीशी बसून प्रत्येकाने हे वाचलंय, अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. त्याच वळणाने मी लिहीन: मोठ्या अक्षरात 'सुटकेचा जिना', आणि खाली 'आग लागल्यास सर्वांनी इथून खाली उतरावं'. 'सर्वांनी' गाळू नका. इतिहासावर लिहिताना विवेलच्या गाड्यासाठी 'सुटकेची शिडी' वापरा, कारण शिडी हलवता येते आणि जिना जागेवर असतो हा फरक मराठीत आहे तो जपावा. (कोकणात लाकडी जिन्याला दादर म्हणतात, पण मुंबईत पाटीवर 'सुटकेचा दादर' लिहिलं तर लोक स्टेशन शोधतील, तेव्हा तो घरीच राहू दे.)

अजून एक, जुन्या मुंबईतल्या इमारतींच्या मागे घरगल्लीत जे लोखंडी गोल जिने दिसतात त्यांना बरेच जण फायर एस्केप म्हणतात. त्यातले कितीतरी सफाई कामगारांनी मागून संडासापर्यंत यावं, पुढचा जिना वापरू नये म्हणून बांधलेले आहेत. त्यांना सुटकेचा जिना म्हणू नका, तो इतिहास वेगळा आहे आणि त्याचं नाव त्यालाच राहू दे.

आमच्याकडचा स्टिकर बदलला. नवीन पाटी लागली त्या दिवशी मावशींनी ती मोठ्याने वाचली, दार ढकलून पाहिलं, आणि मागे वळून विचारलं, "खालचं दार आतून उघडतं ना रे?" आम्ही दोघं उतरून बघून आलो. उघडतं.