‘बनाना’ बॉल पायथनवर काळे ठिपके

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलाने ‘बनाना’ बॉल पायथनचे (लहान आकाराच्या पाळीव अजगराचे) पिल्लू आणले तेव्हा ते पिवळेधमक होते. आता त्याच्या अंगावर काळे ठिपके उमटत आहेत आणि चार दिवसांपासून पोट गुलाबी दिसते. हा त्वचेचा आजार आहे का? खाणे बदलावे का?

उत्तर : या दोन्ही बदलांची कारणे वेगळी आहेत. काळे ठिपके हा आजार नव्हे. बनाना मॉर्फचे (म्हणजे आनुवंशिक रंगप्रकाराचे) पिल्लू अंड्यातून पिवळे-जांभळट निघते आणि वय वाढेल तसे त्याच्या अंगावर बारीक ठिपके येत जातात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील या सापाच्या त्वचेत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनवणाऱ्या, पिवळे रंगद्रव्य साठवणाऱ्या आणि प्रकाश परावर्तित करणारे स्फटिक असलेल्या पेशी असतात. बनानामध्ये मेलॅनिन कमी असले, तरी ते बनवण्याची क्षमता पूर्णपणे गेलेली नसते. टायरोसिनेज विकराच्या जनुकात बिघाड असलेल्या अल्बिनोला मात्र मेलॅनिन बनवता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर असे ठिपके सहसा दिसत नाहीत. आहार बदलून हे ठिपके जाणार नाहीत, तेव्हा नेहमीचे उंदीरच चालू ठेवावेत. विक्रेते जाहिरातीत बहुधा झळझळीत पिल्लेच दाखवतात. पुढच्या खरेदीपूर्वी त्याच मॉर्फच्या प्रौढ सापाचे छायाचित्र अवश्य मागावे.

गुलाबी पोट ही बहुतेक वेळा कात टाकण्याची पूर्वतयारी असते. या काळात अंगाचा रंग मंदावतो, डोळे निळसर धुरकट होतात, मग ते पुन्हा निवळतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. तोपर्यंत सापाला हाताळू नये आणि पेटीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवावी.

कात पडल्यानंतरही लाली राहिली, पोटाच्या खवल्यांच्या कडा तपकिरी झाल्या किंवा फोड आले, तर मात्र थांबू नये. सतत ओल्या बिछान्यामुळे होणारा जंतुसंसर्ग किंवा भाजणे ही त्यामागची नेहमीची कारणे असतात आणि दोन्हींसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे जावे लागते. पेटीखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेवरची चटई) असेल, तर तिला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट जोडला आहे ना, हे आजच पाहावे. उबदार बाजूच्या तळाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस पुरेसे असते. ते मोजण्यासाठी संवेदक साप जिथे पोट टेकतो तिथेच ठेवावा, कारण काचेवर वर चिकटवलेल्या तापमापकावरून तळ किती तापला आहे ते कळत नाही.