आयन बीमच्या त्वरकाचे डिझाइन शिकायला सुरुवात कोठून करावी? चाचणीचे काम दुय्यम असते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एम.एस्सी. झाल्यावर आयन बीमच्या त्वरकांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या झोताला वेग देणाऱ्या यंत्रांच्या, डिझाइनमध्ये यायचे असेल तर कोणते सॉफ्टवेअर शिकावे, ही पहिली. आणि चाचणी विभागात गेल्यास डोक्याला काम उरत नाही असे ऐकले आहे ते खरे का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर दोन मिनिटांचे आहे, ते शेवटी देतो. दुसरी वाचून मात्र राहवले नाही, कारण हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी एका प्रयोगशाळेत अकरा वर्षे ऐकले आहे, आणि ज्यांच्या तोंडून ते सर्वांत जास्त वेळा ऐकले त्यांच्याच डिझाइनची चाचणी करण्याचे काम माझ्याकडे होते.

आयन स्रोत आणि त्याच्या पुढची कमी ऊर्जेची बीमलाइन एवढाच माझा प्रांत. हायड्रोजनच्या प्लाझ्मातून 50 किलोव्होल्टवर प्रोटॉन ओढून काढायचे, दोन सॉलेनॉइडांच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळीच्या चुंबकांच्या, साहाय्याने ते आवरून धरायचे, आणि जेथे पुढे आरएफक्यू (रेडिओ-वारंवारतेच्या विद्युतक्षेत्राने बीम आवळत त्याला वेग देणारा त्वरक) बसणार होता तेथे तात्पुरत्या लावलेल्या फॅरडे कपात, म्हणजे बीम झेलणाऱ्या धातूच्या पेल्यात, त्यांचा विद्युतप्रवाह मोजायचा. बीम सलग होता, स्पंदांचा नव्हता. स्रोताच्या उच्चदाब सप्लायवर 20 मिलिअँपिअर दिसत होते आणि कपात पहिल्या आठवड्यात 11 मिळत होते. सिम्युलेशन मात्र सांगत होते की 92 टक्के बीम पोहोचला पाहिजे.

आमच्या गटाचे प्रमुख, त्यांना नुसते सर म्हणतो, यांनी सॉलेनॉइडांची नवी मांडणी गणित करून काढली आणि आम्ही ती लावली. त्यानंतरच्या दहा दिवसांत कपातील आकडा 11 वरून 13, 15 असा चढत 18 वर जाऊन स्थिरावला. अठरा म्हणजे विसाचे नव्वद टक्के. सिम्युलेशनला यापेक्षा चांगली दाद कोणती मिळणार? पेढे आले, अहवालाचा मसुदा तयार झाला आणि त्यातील मुख्य आलेखात गणिताची रेषा व मोजमापाचे ठिपके एकमेकांवर अगदी चपखल बसले.

खोड काढली ती आमच्या काकांनी. ते ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, आयटीआय करून आलेले, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. कपाच्या थंड पाण्याची नळी लावणे-काढणे त्यांच्याकडे असे आणि जाता-येता परतीच्या नळीला हात लावून पाहण्याची त्यांना सवय होती. एका दुपारी ते मला म्हणाले, "बीम दीडपट झाला म्हणता, मग पाणी का तापत नाही?"

या वाक्याने माझी झोप उडाली, कारण हिशेब अगदी सरळ होता. 50 किलोव्होल्टचा 18 मिलिअँपिअर बीम कपात थांबला तर तेथे 900 वॉट उष्णता निर्माण झाली पाहिजे. पाण्याचा प्रवाह मिनिटाला 2 लिटर असेल तर दर अंशाला जवळपास 140 वॉट वाहून जातात, म्हणजे पाणी साडेसहा अंशांच्या आसपास तापले पाहिजे. आम्ही आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीवर एकेक तापमापी बांधला. फरक आला 3.7 अंश. म्हणजे सुमारे 515 वॉट, म्हणजे 10 मिलिअँपिअरच्या किंचित वर.

सरांनी ऐकून घेतले आणि तीन आक्षेप नोंदवले. प्रवाहमापक चुकीचा असेल, तापमापी चुकीचे असतील, आणि बरीच उष्णता फ्लॅंजमधून, म्हणजे कप जेथे नळीला जोडला आहे त्या कड्यातून, निघून जात असेल. पहिल्यासाठी काकांनी बादली आणि स्टॉपवॉच घेतले. चार लिटरची खूण बरोबर दोन मिनिटांत गाठली गेली. दुसऱ्यासाठी तापमाप्यांची अदलाबदल केली. फरक तोच राहिला. तिसऱ्याबाबत मी एवढेच म्हणालो की खोलीपेक्षा चार अंशांनी गरम असलेल्या तांब्यातून जवळपास 400 वॉट गुपचूप निघून जात असतील तर आपण चिलर विकून टाकू. हे मी म्हणायला नको होते, हे मला आता पटते. बीममध्ये वाटेत उदासीन झालेले अणू विद्युतप्रवाहात मोजले जात नाहीत पण पाणी तापवतातच, त्यामुळे पाण्याचा आकडा चुकलाच तर तो खऱ्या प्रवाहाहून जास्त भरण्याच्या बाजूने चुकेल. हा मुद्दा मात्र मी त्या बैठकीत मांडायचा विसरलो आणि त्याची रुखरुख अजून आहे.

मग कपाने खोटे का सांगितले? कपाच्या तळावर प्रोटॉन आदळला की तेथून दुय्यम इलेक्ट्रॉन उडतात. असा प्रत्येक इलेक्ट्रॉन बाहेर निसटला की मीटरला एक जास्तीचा धन आयन आल्यासारखे दिसते. म्हणून कपाच्या तोंडाशी ऋण विद्युतदाबाचे सप्रेसर कडे असते आणि ते या इलेक्ट्रॉनांना परत आत ढकलते. आमच्या सप्लायवर उणे 300 व्होल्ट दिसत होते, पण तो आकडा सप्लायला ठरवून दिलेल्या दाबाचा होता, कड्यावर पोहोचणाऱ्या दाबाचा नव्हता. प्रत्यक्ष कड्यावर मीटर टेकवला तेव्हा 12 व्होल्टच निघाले. निर्वात तोडून कप बाहेर काढला तर कड्याखालच्या पांढऱ्या सिरॅमिकवर लालसर झाक दिसली. बीमनेच तळाचे तांबे उडवून सिरॅमिकवर त्याचा पातळ थर चढवला होता, त्या थरातून सप्रेसरचा प्रवाह गळत होता आणि सप्लाय आपल्या मर्यादेला टेकून बसला होता. थर दिवसागणिक जाड होत गेला, म्हणून आकडाही दिवसागणिक चढत गेला. त्याच दहा दिवसांत सॉलेनॉइडांची नवी मांडणी लागली, हा योगायोग. नवे सिरॅमिक बसवून सप्रेसरचा दाब शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तेव्हा कपातील आकडा घसरत आला आणि 100 व्होल्टच्या पुढे तो दहाच्या जवळ सपाट झाला. बीम वाढलाच नव्हता. पहिल्या आठवड्यातील 11 शी ताडून पाहिले तर नव्या मांडणीने तो थोडा घटलाच असावा.

उरलेले दहा मिलिअँपिअर कोठे गेले, हा यातील खरा शिकण्याजोगा भाग. सिम्युलेशन शंभर टक्के प्रोटॉन धरून चालले होते. प्रत्यक्ष प्लाझ्मातून प्रोटॉनांबरोबर दोन आणि तीन अणूंचे हायड्रोजन आयनही निघतात, आणि स्रोत नीट लागलेला नसेल तर त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांच्यावर भार एकच असल्यामुळे ऊर्जा तीच, पण सॉलेनॉइडची पकड वस्तुमानाच्या प्रमाणात सैल होते. दोन अणूंच्या आयनावर निम्मी, तीन अणूंच्या आयनावर एक-तृतीयांश. ते पसरून नळीच्या भिंतीला लागतात. त्यात भर म्हणजे सप्लायवरच्या विसांत स्रोताकडे उलटे धावणारे इलेक्ट्रॉनही मोजलेले होते, म्हणजे वीस हा भाजकच फुगलेला होता. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. बीम वाटेतल्या उरल्यासुरल्या वायूचे आयनीकरण करतो, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बीममध्येच अडकतात आणि प्रोटॉनांचे परस्परांना दूर लोटणे बरेचसे निष्प्रभ करतात. किती निष्प्रभ करतात, हा आकडा आमच्या सिम्युलेशनमध्ये वापरणाऱ्याने स्वतः भरायचा होता. सरांनी 95 टक्के भरला होता. का, असे विचारल्यावर उत्तर आले की सगळे तेवढाच भरतात.

या प्रकरणाचा शेवट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. आमची मोजणी अहवालाच्या परिशिष्टात "फॅरडे कपाविषयी एक टीप" या मथळ्याखाली गेली आणि मुख्य आलेख तसाच राहिला. पुढे पदोन्नतीच्या मुलाखतीत मला विचारण्यात आले की, तुम्ही मोजमापे केलीत हे ठीक, पण यात तुमचे मूळ योगदान कोणते? मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. द्यायला हवे होते ते उत्तर पुढची काही वर्षे रोज आंघोळ करताना सुचत असे, आणि आज ते तुम्हाला ऐकवतो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

ते उत्तर असे. अमेरिकेत ओक रिज येथे स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स नावाचे यंत्र आहे. त्याच्या लिनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या त्वरकात, ऋण हायड्रोजन आयन धावतात. यंत्र सुरू झाल्यावर अतिवाहक भागात अपेक्षेहून जास्त बीम गळत असल्याचे आढळले. यंत्र चालवणाऱ्यांनी चुंबकांची पकड डिझाइनमधल्या मूल्यांपेक्षा सैल करून पाहिली आणि गळती कमी झाली. बीम घट्ट आवळला की सुरक्षित, या समजाच्या हे अगदी उलट होते. फर्मिलॅब या अमेरिकेतील त्वरक-प्रयोगशाळेच्या वालेरी लेबेदेव यांनी 2010 मध्ये कारण सुचवले: बीम दाट झाला की आयन एकमेकांवर आपटतात, आणि ऋण हायड्रोजनाचा जादा इलेक्ट्रॉन पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टनेच बांधलेला असल्यामुळे तो सहज सुटतो. मग पडताळा म्हणून त्याच लिनॅकमधून प्रोटॉन पाठवले गेले. त्यांच्याजवळ सुटण्याजोगा इलेक्ट्रॉनच नसतो. गळती कितीतरी कमी झाली. चाचणीत सैल केलेल्या चुंबकांपासून सुरू झालेल्या या कामात डोक्याचे काम कोणी केले आणि मोजणीचे कोणी, हे मला कोणी वेगळे करून दाखवावे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील लेहिपा हा प्रोटॉन त्वरक पाहा: 50 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आयन स्रोत, त्यातील बीमला 3 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेणारा आरएफक्यू आणि पुढे 20 दशलक्षपर्यंत नेणारा ड्रिफ्ट ट्यूब लिनॅक, सर्व 352.21 मेगाहर्ट्झवर. या वारंवारतेवर तांब्याची कॅव्हिटी, म्हणजे रेडिओ लहरी जेथे घुमतात ती पोकळी, एक अंश तापली की तिची वारंवारता सुमारे 6 किलोहर्ट्झने उतरते, एवढे पुस्तकात असते. पण कॅव्हिटी निर्वात करण्याआधी हवेत मोजायची असते, आणि जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत ती वातानुकूलित दालनातल्या कोरड्या हवेपेक्षा आणखी 30 एक किलोहर्ट्झने खाली दिसते, कारण पाण्याच्या वाफेने हवेचा अपवर्तनांक वाढतो. थंड देशातल्या शोधनिबंधातून हवेची दुरुस्ती जशीच्या तशी उचलणाऱ्याला हे पहिल्या पावसाळ्यात कळते. तापमानाबरोबर आर्द्रताही नोंदवहीत लिहावी, एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

आता सॉफ्टवेअर. स्रोतातून बीम ओढण्यासाठी आयबीसिमु शिका; ते मुक्त आहे. कॅव्हिटीसाठी लॉस अ‍ॅलमॉस या अमेरिकेतील प्रयोगशाळेच्या सुपरफिशने सुरुवात करा, त्रिमितीय कामाला सीएसटी लागेल. बीमच्या गतिकीसाठी ट्रेसविन, आणि आरएफक्यूसाठी पार्मटेक. यांपैकी कोणतेही चार-सहा महिन्यांत हाताखाली येते. त्याआधी सॉलेनॉइडमधून जाणाऱ्या बीमचे आवरण-समीकरण (बीमची जाडी वाटेत कशी बदलते ते सांगणारे) कागदावर एकदा तरी सोडवा, म्हणजे संगणकाचे उत्तर वेडेवाकडे आले तर ओळखता येईल.

एक गोष्ट उशिरा का होईना सांगितली पाहिजे, नाहीतर मी डिझाइनवाल्यांवर डूख धरून बसलो आहे असे वाटेल, आणि ते पूर्ण खरे नाही. आरएफक्यू ही कल्पनाच कागदावर जन्मली. कापचिन्स्की आणि तेप्ल्याकोव यांनी सोव्हिएत संघात 1970 च्या सुमारास ती मांडली, आणि लॉस अ‍ॅलमॉसमध्ये 1980 साली जेमतेम मीटरभर लांबीच्या यंत्रात 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन 640 पर्यंत नेऊन तिचा पडताळा घेतला गेला. कितीही मोजमापे करून मला ती सुचली नसती. आमच्या सरांचे गणितही चुकीचे नव्हते. त्यात भरलेले आकडे चुकीचे होते. सप्रेसरचा दाब कड्यावर स्वतः मोजण्याचे काम पहिल्या दिवशी माझे होते आणि ते मी केले नव्हते, हेही येथे नोंदवतो.

तेव्हा डिझाइनमध्येच जा, पण पहिली दोन वर्षे चाचणीच्या बाकावर मागून घ्या. मुलाखतीला गेलात तर चाचणीचे दालन दाखवण्याची विनंती करा आणि त्यांच्या फॅरडे कपाचा सप्रेसर-दाब विरुद्ध प्रवाह हा आलेख मागा. सपाट भाग दिसेल असा आलेख पाच मिनिटांत समोर आला तर त्या गटात डोळे मिटून जा. काका आता निवृत्त आहेत. ते दोन तापमापी त्यांनी जाताना माझ्या टेबलावर ठेवले. त्यांतला एक आता अर्धा अंश जास्त दाखवतो.