सेसना घ्यायचा विचार आहे? आधी हे वाच

अरे, ठाण्यातल्या फ्लॅटच्या भावात जुनं सेसना १७२, म्हणजे एका इंजिनचं चार सीटचं छोटं विमान, मिळतं हे खरंय, पण खरा खर्च उभ्या विमानाचा. उडव नाहीतर नको उडवू, हँगरचं (विमान ठेवायच्या शेडचं) भाडं, इन्शुरन्स, दरवर्षीचं एआरसी (विमान उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र), इंजिनिअरची फी हे चालूच. इंधन सगळ्यांना दिसतं, तासाला साधारण ३०-३५ लिटर अ‍ॅवगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, आणि तेही प्रत्येक विमानतळावर मिळत नाही.

इंजिनचं मात्र कोणी आधी सांगत नाही. लायकमिंग कंपनीच्या इंजिनचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, साधारण २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी होईल ते, म्हणजे कमी उडवलंस तरी सुटका नाही, म्हणून प्रत्येक तासामागे पैसे बाजूला टाकायचेच. घेण्याआधी ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघायला लाव, धातूचा चुरा चमकला तर सरळ नाही म्हण.

आणि आपल्याकडचा पावसाळा, त्यात खारी हवा, उघड्यावर ठेवलंस तर गंज पंखांच्या आत शिरतो आणि बाहेरून कळतही नाही, तिथे काटकसर अजिबात नको. जुहू विमानतळावर हँगरमध्ये जागा मिळते का ते आधी बघ. वर्षाला शंभर तास उडणार नसशील तर फ्लाइंग क्लबचं विमान तासावर भाड्याने घे, नाहीतर तिघाचौघांत मिळून घ्या, पण करार लेखीच करा.