मेंदूतील प्रकाशसंवेदी प्रथिने: ती खरोखर प्रकाश टिपतात का?

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत डोळ्यांतल्यासारखी प्रकाशसंवेदी प्रथिने, म्हणजे ऑप्सिन, सापडली आहेत, मग डोळे मिटले तरी आपल्या मेंदूला उजेड कळतो का, असे आपण विचारले आहे. प्रथिने आहेत हे खरे; पण प्रथिन असणे आणि त्याने प्रकाश टिपणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच होतो.

पक्ष्यांच्या बाबतीत शंका उरलेली नाही. 1970 च्या सुमारास जीवशास्त्रज्ञ मायकेल मेनेकर यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, तेव्हा डोळे शाबूत असूनही दिवस मोठा झाल्याची दखल त्यांच्या प्रजननसंस्थेने घेतली नाही. म्हणजे ऋतू ओळखण्याचे काम कवटीतून आत झिरपणाऱ्या उजेडावर चालत होते.

सस्तन प्राण्यांत 1999 मध्ये उंदराच्या मेंदूत एन्सेफॅलॉप्सिन, म्हणजे ओपीएन3, हे ऑप्सिन सापडले आणि पुढे ओपीएन5 या दुसऱ्या ऑप्सिनची भर पडली. ओपीएन5 अतिनील व जांभळ्या प्रकाशाला, साधारण 380 नॅनोमीटरच्या आसपास, प्रतिसाद देते. 2020 मध्ये संशोधक रिचर्ड लँग यांच्या गटाने दाखवले की उंदराच्या हायपोथॅलॅमसमधील (मेंदूच्या तळाकडचा भाग), शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या भागातल्या काही चेतापेशींत हे प्रथिन असते आणि जांभळा प्रकाश पडला की त्या पेशी तपकिरी चरबीतील उष्णतानिर्मिती मंदावतात. या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसला नाही. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण प्रथिन, पेशी आणि शरीरातला बदल ही साखळी त्यात जोडली गेली आहे.

पण उंदराची कवटी कागदासारखी पातळ असते, तर माणसाची कित्येक मिलिमीटर जाड, आणि जांभळा प्रकाश तर रक्तातील हिमोग्लोबिनच बऱ्याच अंशी शोषून घेते. त्यातून ऑप्सिन अंधारातही कामे करतात: फळमाशीच्या अळीला तापमानातला फरक ओळखायला तीच लागतात, आणि माणसाच्या त्वचेतील रंगपेशींत ओपीएन3 हे मेलॅनिनचे प्रमाण प्रकाशाविनाच नियंत्रित करते. शिवाय डोळे नसलेल्या उंदरांचे जैविक घड्याळ दिवसरात्रीशी जुळत नाही. त्यामुळे कानातून मेंदूवर प्रकाश सोडणारे उपकरण केवळ 'मेंदूत ऑप्सिन असतात' एवढ्या आधारावर कोणी विकत असेल, तर ते घेऊ नये असेच मी सांगेन.