आइसलंडची अनोळखी पणजी

प्रश्न : बाई, माझा भाचा नोकरीसाठी आइसलंडला असतो. तो सांगतो की तिथल्या काही घराण्यांत अमेरिकेतल्या आदिवासी बाईचा वंश आहे आणि ती बाई कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधी व्हायकिंग लोकांच्या जहाजातून आली होती. आमच्या कुलवृत्तांतात अकरा पिढ्या आहेत, पण त्यात बायका नावापुरत्या. मग हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा माग लागतो कसा? आणि हे खरं आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाई होती हे खरं. ती अमेरिकेतून आली हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

आधी माग कसा लागतो ते सांगते. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटलंय, पण तुमच्या भाच्याला तो शब्द कळणार नाही म्हणून मी मायटोकॉन्ड्रियाच म्हणते. त्यांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. वडिलांकडचे मायटोकॉन्ड्रिया गर्भात टिकत नाहीत, म्हणून हा डीएनए मुलाला आणि मुलीला फक्त आईकडून मिळतो. मुलगा तो पुढे देऊ शकत नाही, मुलगी देते.

वर्गात हे शिकवताना मी मसाल्याच्या वहीचं उदाहरण द्यायचे. आईच्या वहीवरून लेक गोड्या मसाल्याचं प्रमाण उतरवून घेते. उतरवताना ‘दगडफूल पाव तोळा’चं ‘पाऊण तोळा’ झालं, तर तिच्या लेकीच्या, नातीच्या, पणतीच्या वहीत पाऊणच येणार. पुढे शंभर वर्षांनी दोन गावांतल्या दोन वह्यांत पाऊण तोळा दगडफूल सापडलं, तर त्या दोन्ही एकाच वहीवरून उतरल्या असाव्यात असं आपण म्हणू. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतही उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढे चालत राहते. अशा सामाईक चुकांवरून मातृवंशाच्या शाखा पाडतात आणि त्यांना अक्षरं-आकडे देतात.

त्यातली सी१ ही शाखा. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी आशियातून अमेरिकेत जी माणसं पोचली, त्यांच्यातल्या मोजक्या मातृवंशांपैकी ती एक. २०१०पर्यंत तिच्या चार फांद्या ठाऊक होत्या : सी१ए आशियात, तर सी१बी, सी१सी आणि सी१डी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये. आइसलंडमध्ये तिचं काहीच काम नव्हतं. त्या बेटावर वस्ती सुरू झाली इसवी सन ८७०च्या सुमाराला. पुरुष बहुतेक नॉर्वेकडचे, आणि डीएनएवरून दिसतं की निम्म्याहून जास्त स्त्रिया स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या. त्या बायकांनी तिथवर कसा प्रवास केला असेल, त्यांतल्या किती जणी आपखुशीने गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर अशा बेटावर काही लोकांमध्ये सी१ निघाला. पहिला अंदाज साधा होता : अलीकडे कुणीतरी बाहेरून आली असेल. मग वंशावळी पाहिल्या आणि तो अंदाज टिकला नाही.

आइसलंडमध्ये १७०३ साली संपूर्ण देशाची शिरगणती झाली. माणूस न् माणूस नावानिशी, एकूण ५०,३५८. त्या शिरगणतीवर, चर्चच्या नोंदींवर आणि जुन्या वंशावळींवर रेक्याविकच्या डीकोड जेनेटिक्स कंपनीने एक मोठी वंशावळ उभी केली आहे. तिच्यात स्त्रियांची बाजूही पुरुषांइतकीच भरलेली आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या भाच्याला विचारा. तिथे मुलीचं नाव म्हणजे तिचं नाव आणि बापाच्या नावापुढे ‘दोत्तिर’, म्हणजे अमक्याची लेक. लग्न झालं तरी ते बदलत नाही. आपल्याकडे लग्नात आडनाव तर जायचंच, वर तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही पुसून टाकायचे. आइसलंडच्या शेतकऱ्याच्या बायकोचा तीनशे वर्षांनी पत्ता लागतो आणि आपल्या पणजीचा लागत नाही, यातलं निम्मं कारण तिथे आहे.

सिग्रीदुर सुन्ना एबेनेसर्सदोत्तिर, अग्नार हेल्गासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वंशावळीतून सी१ असलेल्यांच्या आईची आई, तिची आई असं मागे जात शोध घेतला. ते पोचले १७००च्या आसपासच्या चार स्त्रियांपाशी. देशाच्या दक्षिणेला वात्नायोकुत्ल नावाची प्रचंड हिमनदी आहे, तिच्या परिसरातल्या. २०१०च्या सुमाराला हा वंश असलेले ऐंशीच्या वर लोक हयात होते. चारही ओळींतल्या मिळून अकरा जणांचा पूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला. त्यावरून ठरलं की हा वंश १७००च्या आधीच तिथे आलेला आहे, आणि बहुधा कित्येक शतकं आधी. मोठं नवल पुढेच होतं. तो ठाऊक असलेल्या चार फांद्यांपैकी एकीतही बसेना. तिला पाचवी फांदी मानून नाव दिलं सी१ई.

त्यांनी २०१०मध्ये लिहिलं की अमेरिकेतलं मूळ सर्वांत संभवनीय वाटतं, पण आशिया किंवा युरोप नाकारता येत नाही. बातम्यांमध्ये या वाक्याचा पहिला अर्धाच छापून आला. तुमच्या भाच्यापर्यंत तोच पोचला.

व्हायकिंग अमेरिकेत पोचले होते यात शंका नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये लाँस ओ मेडोज इथे त्यांच्या घरांचे अवशेष १९६० साली सापडले. तिथल्या लाकडावरून २०२१मध्ये असंही दाखवता आलं की ती झाडं इसवी सन १०२१ला तोडली होती. आइसलंडच्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथांमध्ये, या सफरींची वर्णनं आहेत. एका कथेत मार्कलंडहून, म्हणजे तिकडच्याच किनाऱ्यावरच्या एका प्रदेशातून, दोन मुलगे पकडून नेल्याचा आणि त्यांना आपली भाषा शिकवल्याचा उल्लेख येतो. बाई आणल्याचा मात्र नाही. दुसऱ्या कथेतला एक प्रसंग मला फार आवडतो. गुद्रीद नावाची बाई त्या नव्या देशात तान्ह्या मुलाच्या पाळण्याशी बसलेली असते. दारात सावली पडते आणि एक फिकट चेहऱ्याची, खूप मोठ्या डोळ्यांची परकी बाई आत येते. गुद्रीद आपलं नाव सांगते, तिला बस म्हणते आणि तिचं नाव विचारते. ती म्हणते, ‘माझं नाव गुद्रीद.’ इतक्यात बाहेर आरडाओरडा होतो, हाणामारीत एक जण मारला जातो, आणि ती बाई नाहीशी होते. गुद्रीदशिवाय ती कुणाला दिसलेलीही नसते.

ही कथा वाचली की त्या बाईला जहाजात बसवून आइसलंडला नेण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण २०१४मध्ये रशियातून वेगळीच माहिती आली. करेलियातल्या ओनेगा सरोवरात युझनी ओलेनी ओस्त्रोव नावाचं बेट आहे. तिथल्या मध्याश्मयुगीन दफनभूमीतल्या, सुमारे ७,५०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत सी१ची आणखी एक फांदी निघाली, सी१एफ. ही शिकारी-मासेमार माणसं होती, आणि कोलंबस काय, व्हायकिंगसुद्धा तेव्हा हजारो वर्षं दूर होते. म्हणजे सी१ युरोपच्या ईशान्य टोकाला आधीपासूनच होता. तिथून स्कँडिनेव्हियात आणि पुढे एखाद्या नॉर्वेजियन जहाजातून आइसलंडला, हा रस्ता मला जास्त पटतो. समुद्र ओलांडून माणूस नेल्याची गोष्ट त्यासाठी रचावी लागत नाही. सी१ईची जुनी हाडं कुठे मिळाली तरच हा वाद मिटेल.

भाच्याला एवढंही सांगा की त्या ऐंशी जणांपैकी कुणाच्याही दहा पिढ्या मागे गेलं, तर त्या पायरीवर हजाराच्या वर पूर्वजांच्या जागा असतात. या वंशाची बाई त्यातली एक. बाकी बहुतेक आइसलंडचे शेतकरी आणि मेंढपाळच.

प्रश्न : मला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. तुमच्या मागच्या लेखात आईच्या डीएनएबद्दल वाचल्यापासून मनात आहे : माझ्या आईची ओळ माझ्यापाशी संपली का?
– एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : तुमच्या मुलांमध्ये ती आहे, त्यांच्या मुलांमध्ये नसेल. हे खरं आहे, आणि ते लपवून तुम्हाला बरं वाटावं असं मी करणार नाही. पण तुम्हाला बहीण आहे का? तिच्या मुली? मावशीच्या मुली? त्यांच्याकडे अक्षर न् अक्षर तीच वही आहे. आणि मायटोकॉन्ड्रियाची ही १६,५६९ अक्षरं सोडली, तर उरलेला, तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा डीएनए आहे. त्यातला निम्मा वाटा तुम्ही दोन्ही मुलांना दिलाच आहे.

ओळी अशाच थांबतात, दर पिढीत. वरच्या आइसलंडचंच बघा. १९७२नंतर तिथे जन्मलेल्या मुलींची ओळ मागे नेली, तर त्यांतल्या ६२ टक्के मुली १६९८ ते १७४२ या काळात जन्मलेल्या स्त्रियांपैकी फक्त ६.६ टक्क्यांच्या वंशातल्या निघतात. बाकीच्यांपैकी कितीतरी जणींना मुलगे होते, नातवंडं होती, भरलं घर होतं. १७०७ला देवीची साथ आली आणि सुमारे चौथाई लोकसंख्या गेली. १७८३ला लाकीचा ज्वालामुखी फुटला, गवत विषारी झालं, गुरं मेली, आणि दुष्काळात पाचातला एक माणूस गेला. दुर्मीळ वंश म्हणतात तो बहुतेक वेळा असाच दुर्मीळ झालेला असतो : कुणाच्या मुली जगल्या, कुणाच्या नाही. त्यात त्या बायकांचा काही दोष नव्हता. तुमचाही नाही.

प्रश्न : तपासणीचा खर्च न करता आपली आईकडची ओळ किती मागे नेता येईल?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : कागदावर सुरुवात कर. तू, आई, आजी, पणजी, आणि प्रत्येकीपुढे माहेरचं नाव, माहेरचं गाव. आजी असेल तर आज संध्याकाळीच बस तिच्याजवळ. मी माझी आजी गेल्यानंतर सुरुवात केली, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

मी पणजीपाशी अडले होते. तिचं सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, माहेरचं कुणालाच नाही. ते मिळालं माळ्यावर. तांब्याचं एक घंगाळ होतं, बुडाला चीर गेलेलं, भाऊ मोडीत द्यायला निघाला होता. चिंचेने घासलं तेव्हा काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं उठली. ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे एक नाव, ज्या नावाने तिला सासरी कुणी कधी हाक मारली नाही. खाली ‘आजोळकडून, मु. वाई, शके १८३३’. तेरा वर्षांची होती ती तेव्हा. आजोळ वाईचं, म्हणजे तिची आई वाईची. एका भांड्याने मला दोन पायऱ्या मागे नेलं.

तुमच्याकडचे हंडे, कळशा, पराती बघ. काठाखाली बघ आणि बुडालाही. अक्षरं बुजली असतील तर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरव. आणि नाव मिळालं तर ते वहीत पूर्ण लिही, माहेरच्या नावासकट.