सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली घोडी जवळ येऊ देत नाही. खोगिराशिवाय बसायला लागलो तर तिच्याशी नातं जुळेल का?

जुळेल, पण सुरुवात पाठीवरून करू नका, जमिनीवरून करा.

तुम्ही लिहिलंय की घोडी सहा वर्षांची, मारवाडी जातीची आहे, म्होरकी (तोंडात लोखंड नसलेली, डोक्यावर बांधायची दोरी) घेऊन गेलं की तोंड फिरवून चालू लागते आणि लगाम दिसला की मान वर फेकते. मला यात हट्टीपणा दिसत नाही. लग्नाच्या वरातीत नाचवायला तयार केलेल्या कितीतरी घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम घातलेला असतो. ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेल्या 1965 च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी तो वापरला जातो. म्हणून आधी पशुवैद्याकडून तिचं तोंड, दात आणि पाठ तपासून घ्या. तोवर लगाम खुंटीवरच राहू द्या. म्होरकी आणि बारा-पंधरा फुटांची मऊ सुती दोरी पुरते.

पहिलं काम खराऱ्याचं, म्हणजे तिचं अंग घासून साफ करण्याचं, आणि ते मोतद्दारावर, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकरावर, सोपवू नका. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. त्यामुळे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. नेमकी जागा सापडली की घोडीचा वरचा ओठ लांब होतो, थरथरतो. ती जागा लक्षात ठेवा. मानेवर जोरात थोपटण्यापेक्षा ही शाबासकी तिला लवकर कळते.

मग दोरीवरचं काम. मागे सरकायला शिकवण्यापासून सुरुवात करा. थेट समोर नको, जरा तिरके उभे राहा. हनुवटीखाली दोरी धरून तिच्या छातीच्या दिशेने इतकाच ताण द्या की दोरीतला झोळ निघेल. ती मान वर करेल, कदाचित पुढे रेटेल. तुमचा ताण तेवढाच राहू द्या, वाढवू नका. मग एका क्षणी तिचा भार मागच्या पायांवर जाईल. पाऊल उचलण्याआधीच छाती किंचित मागे गेलेली दिसते. त्याच क्षणी हात पूर्ण सैल सोडा. घोडा शिकतो तो ताण सुटतो तेव्हा. तुम्ही जरा उशीर केलात आणि तेवढ्यात तिने मान झटकली, तर मान झटकल्यानेच सुटका होते असं ती शिकते. जमिनीवरच्या सगळ्या कामाचं मर्म या एका हालचालीत आहे. मागचा भाग बाजूला सरकवणं, तुमच्याबरोबर चालणं, तुम्ही थांबलात की थांबणं, हे सगळं त्याच रीतीने येतं. अधूनमधून ती ओठ चाटेल, चघळल्यासारखं करेल. मनावरचा ताण उतरल्याची ती खूण मानून मी तिथे काम थांबवतो.

तिला गोल गोल पळवून दमवा, मग नरमेल, असंही पुष्कळ जण सांगतील. मी ते कधीच करत नाही. सांध्यांवर भार येतो तो वेगळाच, शिवाय माणूस दिसला की पळायचं हेच तिच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या बारामतीकडे धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरता तळ, हलतो तेव्हा पाठीवर सगळा संसार घेतलेली घोडी माणसामागून नुसत्या सैल दोरीवर चालतात. ते रोजच्या सहवासातून आलेलं असतं.

खोगिराशिवाय बसण्याचा फायदा तिच्याआधी तुम्हाला होतो. तिची पाठ कधी ताठ झाली, श्वास कधी बदलला, ते थेट मांडीखाली कळतं. पण खोगीर आपलं वजन पसरवतं. ते नसलं की बैठकीच्या दोन हाडांचा दाब एकाच जागी पडतो. म्हणून सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, तीही फक्त सावकाश चालीत. स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमीच असावं. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सत्तर किलो ही वरची मर्यादा.

जागा बंदिस्त हवी, डोक्यावर हेल्मेट हवं आणि दोरी धरायला जाणता माणूस हवा. आयाळीला लोंबकळून चढू नका, ओट्यावरून चढा. खांद्याच्या उंचवट्याला लागूनच मागे बसा, तिच्या कमरेकडे सरकू नका. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली तरी पुष्कळ झालं. खाजवण्याची ती जागा आता तुमच्या हाताशीच आहे. गुडघे आवळू नका. त्याने मांड पक्की होत नाही, उलट तुम्ही वर उचलले जाता आणि टाच लागली की ती पळते. पाय सैल सोडा. वळायचं असेल तिकडे बघा, म्हणजे कंबर आपोआप वळते. थांबायचं असेल तेव्हा लांब श्वास सोडून कंबर स्थिर करा आणि जमिनीवर जो शब्द वापरलात तोच वापरा. तिने कान मागे चपटे केले, शेपटी झटकली किंवा पाठ खाली दाबली, तर उतरा आणि पुन्हा पाठ तपासून घ्या. आयाळ न धरता चालीत वळणं घेता येईपर्यंत दुडकीचं, म्हणजे हलक्या धावेचं, नाव काढू नका.

लगाम परत घालाल तेव्हा साधा, गुळगुळीत घ्या. थंडीत आधी हातात धरून कोमट करा. पहिले काही दिवस तो तिला नुसता तोंडात धरू द्या, चालवा मात्र म्होरकीच्या दोरीनेच.